गोळीचा हिशेब
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

भुसावळहून वरणगावकडे निघालात की आमच्या दीपनगरच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. विजेचे गाव म्हणून लोक आम्हाला ओळखतात. पण इथून जवळच, वरणगावला, आयुध निर्माणी आहे आणि तिथे बंदुकीची काडतुसे तयार होतात, हे खानदेशाबाहेर फार थोड्यांना ठाऊक असते. आमच्याकडच्या कितीतरी घरांची चूल या दोन ठिकाणच्या पगारावर पेटत आली आहे. कोणी युनिट मोजतो, कोणी काडतूस मोजतो.

आमच्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. संध्याकाळी ओट्यावर बसले की नोकरीतल्या गोष्टी निघतात. एकदा मी त्यांना विचारले, "दादा, गोळीबार झाल्यावर पुढे काय होते हो?" मला वाटले, पळापळीचे, रक्ताचे काही सांगतील. ते म्हणाले, "पहिल्यांदा पुंगळ्या गोळा करायच्या, कवी. किती राऊंड दिले, किती सुटले, किती परत आले, सगळा हिशेब लागतो. एक पुंगळी कमी भरली तर जबाब देता देता नाकीनऊ येतात."

ते बोलणे माझ्या डोक्यातून गेले नाही. काडतुसाच्या हिशेबाची वही आहे. त्या काडतुसाने जो माणूस पडला, त्याचा हिशेब कोणी, कोणाला आणि किती दिवसांत द्यायचा? पोलिसांच्या गोळीला आवर घालावा का, घातला तर किती, हा वाद आपल्याकडे नवा नाही. त्यातली काही पाने आमच्या खानदेशातच लिहिली गेली आहेत.

माझे आजोळ नंदुरबारचे. लहानपणी सुटीत गेलो की मामा बोट धरून शिरीषकुमारचे स्मारक दाखवायचे. ९ सप्टेंबर १९४२. 'चले जाव'ची हाक देऊन महिना झाला होता. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. शाळकरी मुलामुलींची मिरवणूक निघाली, पोलिसांनी अडवली आणि गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शाह, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शाह अशी पाच मुले गेली. शिरीष सोळा वर्षांचाही नव्हता. मुलींवर रोखलेली बंदूक पाहून तो पुढे झाला, असे नंदुरबारात आजही सांगतात. मामा ही गोष्ट सांगताना दर वेळी एकच वाक्य शेवटी म्हणायचे, "इंग्रजाचे राज्य होते बाबा." म्हणजे, आता तसे होणार नाही.

त्या दिवशी ज्या कायद्याच्या आधारे जमाव पांगवला गेला, तो १८९८ चा फौजदारी प्रक्रिया कायदा. त्याची बेकायदा जमावाविषयीची कलमे मी मुद्दाम काढून वाचली. कवीने कायदा वाचू नये असे कुठे लिहिलेले नाही. पोलिसांसाठी तिथे एवढेच म्हटले आहे की, हुकूम देऊनही जमाव पांगला नाही तर तो बळाने पांगवता येईल. किती बळाने, ते लिहिलेले नाही. पुढे लष्कराची मदत घेण्याचे कलम येते. त्यात मात्र लष्करी अधिकाऱ्याला बजावले आहे की, काम भागेल इतकेच कमीत कमी बळ वापरावे आणि माणसांना व मालमत्तेला होईल तितकी कमी इजा करावी. म्हणजे सैनिकाला आवर घालणारे वाक्य कायद्यात आहे, शिपायाला घालणारे नाही. स्वातंत्र्यानंतर १९७३ मध्ये नवा कायदा आला, तेव्हा ही कलमे १२९ ते १३२ झाली. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तेव्हा ती १४८ ते १५१ झाली. आकडे बदलले, ते वाक्य जिथे होते तिथेच राहिले. या कलमांखाली सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल सरकारच्या परवानगीशिवाय खटला भरता येत नाही, ही तरतूदही तशीच आली.

पोलिसांना काहीच नियम नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. १९६४ साली पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने जमावावर बळ वापरण्याचे आदर्श नियम ठरवले. आधी इशारा द्या, अश्रुधूर आणि लाठी वापरून पाहा, गोळी चालवावीच लागली तर नेम खाली धरा, जमाव फुटू लागला की थांबा, जखमींना दवाखान्यात न्या. नियम चांगले आहेत, ते अनुभवी पोलीस अधिकाऱ्यांनीच केले आहेत. पण ते खात्याचे नियम आहेत. ते मोडले तर काय करायचे, हे खातेच ठरवते.

आता मामांच्या वाक्याकडे येऊ. इंग्रजाचे राज्य होते, हे खरे. पण आपली माणसे खुर्चीवर बसल्यावर गोळी थांबली का? याचे उत्तर नंदुरबारच्याही चार वर्षे आधी मिळाले होते. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. कन्हैयालाल मुन्शी गृहमंत्री होते. औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप पुकारला आणि त्या दिवशी मुंबईत पोलिसांनी गोळी चालवली. सरकारने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल आला तेव्हा बाबासाहेबांनी विधानसभेत त्यावर कडक टीका केली. खादी घातलेल्या मंत्र्याच्या खात्याने मजुरांवर बंदूक उचलली, याचा धक्का त्या काळच्या लोकांना किती बसला असेल, याची आज कल्पना येणार नाही. आपण सरावलो आहोत.

हा प्रश्न सगळ्यात सरळ विचारला तो राममनोहर लोहियांनी, आणि विचारला स्वतःच्याच पक्षाला. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे सरकार होते, पट्टम थाणू पिल्लै मुख्यमंत्री होते. तिथल्या तमिळ भाषकांचे तालुके मद्रासला जोडावेत म्हणून आंदोलन चालू होते. ११ ऑगस्टला पोलिसांनी आंदोलकांवर गोळ्या झाडल्या, माणसे मेली. लोहिया त्या वेळी पक्षाचे सरचिटणीस होते आणि उत्तर प्रदेशातल्या कालवापट्टीच्या आंदोलनात पकडले जाऊन नैनीच्या तुरुंगात होते. तिथून त्यांनी आपल्याच मुख्यमंत्र्याला कळवले, राजीनामा द्या आणि चौकशी नेमा. परक्या सरकारने गोळी चालवली तर आपण राजीनामा मागतो, मग आपल्या सरकारने चालवली तर तोच नियम का नको, असा त्यांचा मुद्दा होता.

पिल्लै ऐकले नाहीत. पक्षात वादळ झाले. शेवटी नोव्हेंबर १९५४ मध्ये नागपूरला पक्षाची खास परिषद भरली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात असले तरी शहर मराठीच. एका राजकीय पक्षाने आपल्याच सरकारच्या गोळीबारावर असे उघड भांडण केल्याचा दुसरा प्रसंग मला आठवत नाही. आजच्या काळात तर तो स्वप्नातही येणार नाही.

लोहियांच्या विरोधकांचे म्हणणे पोरकट नव्हते, हे सांगितले पाहिजे. प्रत्येक गोळीबारानंतर सरकार पडणार असेल, तर सरकार पाडू पाहणारा गोळीबार घडवूनच आणेल. पोलिसाच्या मागे कोणी उभे राहणार नसेल, तर खरी गरज पडेल तेव्हा तो हातपाय हलवणार नाही. चौकशीआधीच राजीनामा म्हणजे खटल्याआधीच शिक्षा. परिषदेत लोहियांची बाजू हरली. वर्षभरात पक्ष फुटला आणि १९५५ च्या अखेरीस हैदराबादला लोहियांनी नवा समाजवादी पक्ष उभा केला. त्यांच्या बाजूला जे मराठी कार्यकर्ते गेले, त्यांत मधू लिमये होते. हे लिमये अठरा वर्षांचे असताना, १९४० साली, युद्धविरोधी प्रचारासाठी पकडले गेले आणि आमच्या धुळ्याच्या तुरुंगात साने गुरुजींच्या सोबतीने राहिले होते. खानदेशाशी त्यांची गाठ तिथे पक्की झाली.

मला विचाराल तर राजीनाम्याचा मुद्दा मला पटत नाही. चौकशीचा पटतो. नागपूरच्या भांडणात राजीनाम्याने सगळी हवा घेतली आणि चौकशीचा साधा, करता येण्यासारखा मुद्दा मागे पडला.

तो लगेचच पुन्हा पुढे आला. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली. मोरारजी देसाईंच्या पोलिसांनी झाडलेल्या गोळ्यांची कथा महाराष्ट्राला सांगायला नको. हुतात्मा चौक आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पण एक गोष्ट थोड्यांच्या लक्षात असते. चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातल्या अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला तो मुंबईच्या प्रश्नावर, हे सगळे सांगतात. जुलै १९५६ मध्ये लोकसभेत राजीनाम्याची कारणे देताना त्यांनी मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी सरकारने नाकारल्याचाही उल्लेख केला होता. रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर राहिलेला, आकड्यांत आयुष्य काढलेला तो माणूस. झाडलेल्या गोळ्यांचा ताळेबंद मांडला जात नाही, हे त्याला सहन झाले नाही.

१९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले. आणीबाणीत तुरुंग भोगलेली माणसे आता मंत्री होती. त्यांनी धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला. १९७९ च्या पहिल्या अहवालात आयोगाने एक नेमकी शिफारस केली. तीन प्रकारच्या घटनांत न्यायाधीशाकडून चौकशी सक्तीची असावी, सरकारच्या मर्जीवर नसावी. पोलिसांच्या ताब्यातल्या स्त्रीवर बलात्कार झाल्याची तक्रार, कोठडीतला मृत्यू किंवा गंभीर दुखापत, आणि बेकायदा जमाव पांगवताना झालेल्या गोळीबारात दोन किंवा अधिक माणसांचा मृत्यू. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, २००५ च्या दुरुस्तीने, कोठडीतला मृत्यू, कोठडीतून बेपत्ता होणे आणि कोठडीतला बलात्कार यांची दंडाधिकाऱ्याकडून न्यायिक चौकशी कायद्याने सक्तीची झाली. गोळीबार तेवढा बाहेर राहिला. २०२४ च्या संहितेतही तो आत आलेला नाही. कोठडीत एक माणूस मेला तर न्यायदंडाधिकाऱ्याला यावेच लागते. रस्त्यावर सहा मेले तर आयोग नेमायचा की नाही, हे मंत्रालयात ठरते.

सहाचा आकडा मी मुद्दाम घेतला. ६ जानेवारी २०१३, रविवार. धुळ्यात एका छोट्या हॉटेलात बिलाच्या पैशांवरून भांडण झाले. ते बघता बघता दोन जमातींचे झाले, दगड उडाले, जाळपोळ झाली. पोलिसांनी गोळी चालवली. सहा तरुण गेले. सहाही मुसलमान. पोलीसही बरेच जखमी झाले, हे नोंदवले पाहिजे.

माझी धाकटी बहीण धुळ्यात दिलेली आहे. आमच्यापासून सव्वाशे किलोमीटर. त्या दिवशी दुपारनंतर तिचा फोन लागेना. लागला तेव्हा ती दबक्या आवाजात म्हणाली, "भाईजान, दारं लावून बसलोय." मी विचारले, "पोलीस आले का?" आणि विचारता विचारता माझी जीभ अडखळली. पोलीस आले असतील तर ती सुरक्षित आहे, की आले नसतील तर? मला ते ठरवता येईना. तीही थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मुलं घरात आहेत."

जो माणूस दंगलीत अल्पसंख्य वस्तीत राहिला आहे, त्याला हा पेच सांगावा लागत नाही. चाल करून आलेल्या झुंडीपुढे पोलिसाने बंदूक उचलली नाही, तर मरण येते. उचललेली बंदूक आपल्याकडे वळली, तरी मरण येते. १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींवरचा न्यायमूर्ती श्रीकृष्णांचा अहवाल मी वाचला आहे. त्यात मृतांची संख्या ९०० दिली आहे आणि मरणाची कारणे वेगवेगळी मोजली आहेत. भोसकून मेलेले ३४७. पोलिसांच्या गोळीने मेलेले ३५६. त्यातल्या किती गोळ्यांनी कोणाचा जीव वाचवला आणि किती गोळ्या विनाकारण सुटल्या, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते एकेक घटना तपासूनच कळते, आणि न्यायमूर्तींनी काही घटना तशा तपासल्या. सरकारने १९९८ मध्ये अहवाल विधिमंडळापुढे ठेवला, पण त्याचे मुख्य निष्कर्ष मानले नाहीत.

म्हणून गोळीवर बंदीच घाला, असे मी म्हणत नाही. दंगलीत रिकाम्या हाताचा पोलीस मला नको आहे. जीव वाचवायला दुसरा इलाजच उरला नसेल तेव्हा गोळी, आणि ती सुटली की ठरलेली चौकशी, एवढीच मागणी आहे. जगात ती काही अचाट समजली जात नाही. १९९० मध्ये हवानाला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने बळाच्या वापराची जी तत्त्वे स्वीकारली, त्यांचा गाभा हाच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितले की, केवळ पळतो आहे म्हणून निःशस्त्र संशयितावर पोलिसाला गोळी झाडता येणार नाही. तिथे अजून काय काय घडते ते आपण वाचतोच. कायदा झाला की सगळे सुधारते, असा माझा भाबडा समज नाही.

धुळ्याचे पुढे काय झाले? मृत आणि जखमींपैकी अनेकांना कमरेच्या वर गोळ्या लागल्याचे तिथे गेलेल्या सत्यशोधन समित्यांनी नोंदवले. म्हणजे नेम खाली धरायच्या नियमाचे काय झाले, हा प्रश्न उभा राहिला. मोबाइलवर टिपलेल्या दृश्यांत काही पोलीसच मोडतोड करताना दिसले, त्यांच्यावर कारवाई झाली. चौकशी आयोग नेमला गेला. आयोग नेमला की वर्तमानपत्रांचे लक्ष दुसरीकडे जाते, तसेच झाले.

चौकशी झाली आणि तिच्या मागे कोणी लागले, तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर उतरले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा बचाव होता. गुंडेवार आयोगाला तो पटला नाही, गोळीबार असमर्थनीय होता असे त्याने म्हटले. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप दिली, पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले. बारा वर्षे वस्तीतल्या लोकांनी पाठपुरावा सोडला नाही. मात्र शाहीर विलास घोगरे यांना हे बघायला मिळाले नाही. गोळीबारानंतर चार दिवसांनी त्यांनी गळफास घेतला. आमच्यासारखे शब्दांवर जगणारे लोक त्यांचे नाव घेताना आवाज खाली आणतात.

मावळचीही आठवण ठेवली पाहिजे. ९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. पवना धरणाच्या जलवाहिनीविरुद्ध शेतकरी द्रुतगती महामार्गावर आले होते, गोळीबारात तिघे गेले. तिथे जात-धर्माचा प्रश्न नव्हता. बंदुकीपुढे कोण उभे आहे ते दर वेळी बदलते. गिरणीमजूर, मराठी भाषक, दलित, मुसलमान, शेतकरी.

चकमकींच्या बाबतीत थोडे पाऊल पुढे पडले, तेही मुंबईच्याच निमित्ताने. १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली होती. त्यावरच्या याचिकेत २३ सप्टेंबर २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सोळा सूचना दिल्या. गुन्हा नोंदवा, तपास दुसऱ्या ठाण्याकडे किंवा सीआयडीकडे द्या, शस्त्र तपासणीला जमा करा, दंडाधिकारी चौकशी करा, चकमकीनंतर लगेच बढती आणि शौर्यपदक देऊ नका. त्या सूचना किती पाळल्या जातात, हा वेगळा विषय आहे. पण वाद घालायला निदान कागद हातात आहे. जमावावरच्या गोळीबाराला १९७९ च्या शिफारशीखेरीज काही नाही, आणि शिफारस कोणी मोडू शकत नाही, कारण ती कोणाला बांधतच नाही.

हे सगळे मी शेजारच्या हवालदारांना एकदा ऐकवले. नंदुरबारपासून नागपूरपर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकले. मला वाटले, पोलिसांची बाजू घेऊन भांडतील. ते म्हणाले, "चौकशी सक्तीची केली तर आमच्या शिपायाचंच भलं आहे. आत्ता काय होतं, वरचा तोंडी बोलतो आणि खालचा लटकतो. हुकूम कोणी दिला ते पहिल्याच दिवशी न्यायाधीशासमोर लिहिलं गेलं पाहिजे."

मग त्यांनी एक प्रसंग सांगितला. गावाचे नाव मी सांगत नाही. मिरवणुकीचा बंदोबस्त होता, दगड येऊ लागले होते. साहेबांनी बंदुका भरायला सांगितल्या. भरल्या. समोर पहिल्या रांगेत बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा होता, हातात वीट घेतलेला. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. पुढचा हुकूम आलाच नाही. पंधरा-वीस मिनिटे तसेच उभे होते, मग कोणीतरी मौलवी आणि कोणीतरी पाटील मध्ये पडले, गर्दी पांगली.

"घरी गेलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते," ते म्हणाले. "त्याआधी राऊंड जमा केले. पाच दिले होते, पाच परत. सही केली. कारकून म्हणाला, आज हिशेब लवकर लागला."